ज्याची बेरीज होत नाही ते डावीकडे

काका की-बोर्डला हात लावायच्या आधी उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचे. करंगळीपासून सुरू, तर्जनीपर्यंत जायचं, परत करंगळी. ओठ हलायचे, आवाज नाही. ऑफिसात माझा पहिला दिवस होता आणि मला वाटलं हे जप करतायत. म्हटलं ठीके, प्रत्येकाचं आपलं आपलं असतं. पंधरा मिनिटांनी बघते तर तेच चाललेलं. मग मला राहवेना.

"काका, कोणाचा जप?"

"अक्षरं मोजतोय," ते म्हणाले. "तक्ता टाकायचाय. आधी मोज, मग मार."

मार म्हणजे टाईप कर. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त "ओके" म्हटलं आणि खुर्ची थोडी लांब घेतली.

तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असणार, आठवून बघा. ज्याला सगळे काका म्हणतात आणि ज्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या शीटवर असतं. ज्याच्या टेबलावर स्वतःचा स्टेपलर असतो आणि त्याला कोणी हात लावत नाही. आमचे काका बासष्ट वर्षांचे होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची प्लास्टिकची पट्टी असायची. ती ते मॉनिटरला टेकवून बघायचे, तक्त्यातले खांब एका रेषेत आहेत का. खांब म्हणजे कॉलम. मॉनिटरच्या काचेवर पट्टीचे ओरखडे होते, उभे, एकदम सरळ.

आमचं ऑफिस वर्तकनगरला, एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर, खाली दातांचा दवाखाना. मशीन घेतलं की खोक्यात एक मराठी पुस्तिका येते ना, जी तुम्ही न वाचता ड्रॉवरमध्ये टाकता, ती आम्ही लिहितो. घरघंटी, वजनकाटा, फवारणीचा पंप, पाण्याचा फिल्टर. सात जण आणि एक मॅडम. मॅडम वाईट नव्हत्या, हे मी आत्ताच सांगून ठेवते. त्या फक्त कायम घाईत असायच्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पण फोन.

मी जॉईन झाले तेव्हा गणपती नुकतेच गेलेले. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मीटिंग घेतली. "गाईज, दिवाळीपर्यंत सगळ्या पुस्तिका मार्कडाउनमध्ये. जुन्या फाइली बंद. काकांना ही शिकवेल." ही म्हणजे मी. मी एवढी खूश झाले की मीटिंग संपायच्या आधीच ग्रुपवर चार व्हिडिओ टाकले.

ज्यांना मार्कडाउन माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते, खरंच सोपंय. साधा मजकूर लिहायचा आणि मध्ये मध्ये खुणा टाकायच्या. शीर्षकाआधी हॅश, ठळक शब्दाच्या दोन्हीकडे दोन दोन तारे, आणि तक्ता हवा असेल तर खांबांच्या मध्ये उभ्या रेघा. मग प्रिव्ह्यूचं बटण दाबायचं, की कॉम्प्युटर त्याचं नीटनेटकं पान करून दाखवतो. सजावट तो बघतो, तुम्ही फक्त लिहायचं. हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं.

"सजावट तो बघणार," काका म्हणाले. "आणि त्याच्याकडे कोण बघणार?"

मी हसले. मला वाटलं जोक आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी घरघंटीचा तक्ता घेतला. कुठल्या धान्याला कुठली जाळी लावायची, किलोला किती मिनिटं लागतात. उभ्या रेघा टाकायचं मी सांगितलेलं, पण काकांना ते पटलं नव्हतं. तीन तास ते पेरं मोजत बसले आणि स्पेसबार मारत राहिले. मी येता-जाता बघत होते. स्क्रीनवर तक्ता खरंच देखणा दिसत होता, एकही रेघ नाही आणि तरी प्रत्येक खांब ताठ. मग त्यांनी प्रिव्ह्यू दाबलं.

गहू ३ १२ ज्वारी २ १० बाजरी २ ९ बेसन १ १५. सगळं एका ओळीत, चिकटून, एक परिच्छेद.

काकांनी बटण परत दाबलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या जागा कुठे गेल्या?"

"काका, तो एकापेक्षा जास्त स्पेस ठेवत नाही. खातो."

"खातो म्हणजे? मी टाकलेल्या होत्या."

"हो, पण त्याच्यासाठी एक स्पेस आणि वीस स्पेस सेमच."

"सेम नाहीत," काका म्हणाले. एकदम शांत. "मी उचललेल्या आहेत."

आणि मग त्यांनी सांगितलं. विशीत ते ठाण्यातल्या एका छापखान्यात होते, खिळे जुळवायला. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं आणि ओळीत उभं करायचं. दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा हवी असेल तर तीसुद्धा शिशाचीच, अक्षर नसलेला तुकडा. बारीक जागेचा बारीक, मोठ्या जागेचा मोठा. "आमच्याकडे रिकामी जागा पण हातात धरता यायची," ते म्हणाले. "दिवसाला किलोकिलोने रिकामी जागा उचललीये मी. आणि हा म्हणतो सेम."

छापखाना कॉम्प्युटर आल्यावर बंद झाला. मग ते डोंबिवलीत एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. परीक्षेला तक्त्याचा प्रश्न असायचा, अक्षरं मोजून, भागाकार करून कागदावर खांब बसवायचे. तो प्रश्न घालवण्यात पोरं पटाईत होती आणि तो शिकवण्यात काका. मग परीक्षाच कॉम्प्युटरवर गेली आणि इन्स्टिट्यूटही बंद. तिथून ते आमच्याकडे, मुद्रितं तपासायला.

हे सगळं ऐकून मला एवढं भारी वाटलं की मी लगेच म्हटलं, "काका, यावर रील करूया का?"

"तू आधी माझ्या जागा आण," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी यायच्या आत त्यांनी स्वतःच उपाय शोधलेला. न मोडणारी जागा म्हणून एक कोड असतो, इंग्रजीत सहा चिन्हांचा, तो टाकला की प्रोग्राम ती जागा खात नाही. काकांनी तो एका तक्त्यात चारेकशे वेळा टाकलेला. फाइल उघडली तर आत गहू दिसेना, ज्वारी दिसेना, नुसत्या मुंग्या.

"काका, हे कोणी शिकवलं?"

"इंटरनेटने. आम्हीही शोधतो म्हटलं."

मी ते सगळं एका झटक्यात उडवलं. काका जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. सुट्टीत डबा उघडला, भाजी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "रेघा कशा टाकायच्या ते सांग."

मग मी त्यांना ती गंमत सांगितली, जी मला अजूनही मार्कडाउनमधली सगळ्यात क्यूट गोष्ट वाटते. तक्त्याच्या पहिल्या ओळीखाली डॅशची एक ओळ असते. त्या डॅशच्या डाव्या टोकाला कोलन दिलं की तो खांब डावीकडे टेकतो. उजव्या टोकाला दिलं की उजवीकडे. दोन्हीकडे दिलं की मध्ये. बस, संपलं. मोजायचं नाही, स्पेस नाही, काही नाही.

"म्हणजे कोलन हा लोड," काका म्हणाले. "जिकडे ठेवाल तिकडे रेलून बसणार."

त्यानंतर ते कोलनला लोडच म्हणायचे. "या खांबाला लोड दिला का तू?" नवीन माणसाला वाटायचं, ऑफिसात बैठक आहे.

पण लोड देताना त्यांनी असा एक घोळ घातला की तो फक्त आमच्याच लायनीत होऊ शकतो. एक अख्खा दिवस फवारणी पंपाचा तक्ता तक्ता व्हायलाच तयार नाही. प्रिव्ह्यूमध्ये नुसत्या रेघा आणि डॅश. मी बघितलं, काकांनी बघितलं, परत मी बघितलं, सगळं बरोबर. शेवटी संध्याकाळी मी ती ओळ मोठी मोठी करत गेले आणि कळलं, काकांनी मराठी की-बोर्डवरून कोलनच्या जागी विसर्ग दिलाय. दोन टिंबं ती पण, दोन टिंबं ही पण.

"डोळ्याला सारखंच आहे," काका म्हणाले.

"पण त्याच्यासाठी सेम नाही ना काका."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "हे बरंय. वीस जागा आणि एक जागा सारखी, आणि दोन टिंबं आणि दोन टिंबं वेगळी. छोट्या मॅडम, तुमचा हा प्रोग्राम जावयासारखा आहे. कशावर रुसेल सांगता येत नाही."

छोट्या मॅडम म्हणजे मीच. मला राग यायला हवा होता, पण मला ते आवडायचं.

आमची खरी भांडणं मात्र दिसण्यावरून व्हायची. मला सगळं मध्ये आवडायचं. प्रत्येक खांबाला दोन्हीकडे कोलन, सगळं सेंटर, कसं छान लग्नपत्रिकेसारखं दिसतं. काका पट्टी काढायचे. "मध्ये फक्त नवरा-नवरी उभे राहतात. बाकीच्यांनी आपापल्या बाजूला बसायचं. शब्द डावीकडे, आकडे उजवीकडे." मी म्हणायचे, काका, असं कुठे लिहिलंय? ते म्हणायचे, "नऊशे आणि अकराशे एकाखाली एक मध्ये लिही, आणि मला लांबून सांग मोठं कुठलं."

मी लिहिलं. लांबून बघितलं. खरंच कळत नव्हतं. आकडे उजवीकडे टेकवले तर न वाचताच दिसतं, लांब आकडा डावीकडे बाहेर डोकावतो. पण मी हे मान्य केलं नाही. मी म्हटलं, "ते फाँटमुळे."

मग मी स्टाईलच्या फाइलमध्ये तक्त्यांना एकाआड एक रंगीत ओळी दिल्या. फिकट निळी, पांढरी, फिकट निळी, पांढरी. सगळ्यांना आवडल्या. काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हा तक्ता आहे का नाडीचा पायजमा?" त्यानंतर पूर्ण ऑफिसात त्या स्टाईलचं नाव पायजमा पडलं. मॅडमसुद्धा एकदा क्लायंटसमोर म्हणाल्या, "यात आम्ही पायजमा ऑप्शन पण देतो."

काका राहायचे टेंभी नाक्याला. नवरात्रात तिथे देवीला एवढी गर्दी की काकांच्या गल्लीत स्कूटरही शिरत नाही. एका संध्याकाळी त्यांनी मला दर्शनाला बोलावलं. मी डोंबिवलीची, रांगेत धक्के खाऊन सवय, तरी घामाघूम होऊन त्यांच्या घरी पोचले. काका खाली मंडळाच्या लोकांशी बोलत थांबले आणि मी वर गेले. काकूंनी कोकम सरबत दिलं. फ्रिजवर वाणसामानाची यादी लावलेली. तूरडाळ, उभी रेघ, दोन किलो. साखर, उभी रेघ, एक किलो. वरती डॅशची ओळ, आणि वजनाच्या खांबाला उजव्या बाजूला दोन टिंबं.

मला एवढं हसू आलं की सरबत नाकात गेलं.

"हसू नकोस," काकू म्हणाल्या. "रोज सकाळी बसून सराव करतायत. वाणी विचारत होता, वहिनी, ही शिडी कसली काढलीये?"

मग त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "तुला म्हणून सांगते. तुमच्या मॅडमनी ह्यांना सांगितलंय, दिवाळीपर्यंत जमलं तर बघू. घर चाललंय गं आमचं, मुलगी मार्गी लागलीये, तो प्रश्न नाही. पण ह्यांना दोनदा घरी पाठवलंय. छापखान्यात सकाळी गेले तर कुलूप. इन्स्टिट्यूटमध्ये तर वर्ग चालू असताना मालक आला, पोरांसमोर म्हणाला, सर, उद्यापासून नको. महिनाभर घरात बोलत नव्हते. आता एकच धरून बसलेत. तिसऱ्यांदा कोणी सांगायच्या आत मी माझा उठेन."

"मग उठायचं ना काकू."

"कधी उठायचं ते कळायला नको? सांगणारा काय आदल्या दिवशी कळवून येतो?"

खाली ढोल सुरू झाले आणि काका वर आले. "काय, माझी निंदा?" म्हणाले. काकू म्हणाल्या, "नाही, तूरडाळीबद्दल चाललंय."

आता यापुढे मी जे केलं ते ऐका आणि मला काय म्हणायचं ते म्हणा. एवढं सगळं ऐकून, दसरा झाल्यावर, शनिवार-रविवार बसून, मी एक स्क्रिप्ट लिहिली. छोटासा प्रोग्राम. जुनी फाइल टाकली की तो स्वतः तक्ते ओळखणार, स्वतः रेघा टाकणार, स्वतः ठरवणार कुठला खांब डावीकडे आणि कुठला उजवीकडे. खांबात सगळे आकडे असतील तर उजवीकडे, नाहीतर डावीकडे. मला वाटलं, काकांची मेहनत वाचेल. शपथ, मला तेच वाटलं. त्यांची पेरं दुखत असतील असं माझ्या डोक्यात होतं.

शुक्रवारी मी सगळ्यांसमोर दाखवलं. आठ पुस्तिका, एका मिनिटात. टाळ्या पडल्या. काकांनी पण वाजवल्या, सगळ्यांच्या नंतर थांबले. मग उठून स्क्रीनजवळ गेले. पट्टी नाही काढली.

"हा जाळी नंबरचा खांब उजवीकडे का टेकलाय?"

"आकडे आहेत ना काका."

"जाळी नंबर तीन आणि जाळी नंबर पाच, मिळून जाळी नंबर आठ होते का?"

कोणीतरी हसलं. "नाही," मी म्हटलं.

"मग तो आकडा नाही. आकड्याचे कपडे घातलेलं नाव आहे. ज्याची बेरीज होते तो आकडा, तो उजवीकडे. ज्याची बेरीज होत नाही ते नाव. ते डावीकडे. पिनकोड, फोन नंबर, पार्ट नंबर, सगळी नावं." मग त्यांनी वजनकाट्याच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "आणि हा तर खरा आकड्यांचा खांब. डावीकडे का गेला?"

मी बघितलं. एका चौकटीत माहिती नव्हती म्हणून तिथे डॅश होता. स्क्रिप्टने ठरवलं, सगळे आकडे नाहीत, म्हणजे डावीकडे.

"एका डॅशने अख्खा खांब पाडला," काका म्हणाले. मजेत म्हणाले, चिडून नाही.

मॅडम दोन्ही फोन खाली ठेवून ऐकत होत्या. असं मी पहिल्यांदा बघितलं. "ओके," त्या म्हणाल्या, "पण बाकी सगळं होतंय ना? मग काका, तुम्ही असं करा. कुठल्या तक्त्यात कुठला खांब कसा, हे सगळं हिला सांगा. ही स्क्रिप्टमध्ये टाकेल. वन्स अँड फॉर ऑल."

वन्स अँड फॉर ऑलचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. काकांना तिथेच कळला असणार.

दिवाळी आली, गेली, आम्ही बसलो होतो. साठेक पुस्तिका, प्रत्येकीत दहा-पंधरा तक्ते. काका सांगायचे, मी लिहायचे. मी फास्ट टाईप करते, सगळे सांगतात, काकांचं वाक्य संपायच्या आत माझं संपायचं. "दम धर," ते म्हणायचे. "मी अजून क्रियापदाला पोचलो नाही."

नोव्हेंबरात एकदा मधेच मी थांबले. मला तोपर्यंत थोडं थोडं दिसायला लागलेलं.

"काका, हे सगळं तुम्ही लिहून दिलंत तर मग..."

"तर मग मला विचारायला कोणी येणार नाही. कळतंय मला. लिही. तक्ता चार, सुट्या भागांचे क्रमांक. डावीकडे."

"मग कशाला देताय?"

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "छापखान्यातून आलो तेव्हा मी कोणाला काही सांगितलं नाही. रागात होतो. सगळं डोक्यात घेऊन घरी आलो. काय झालं त्याचं? डोक्यातच आहे अजून. बायकोला सांगतो अधूनमधून, ती झोपते." चष्मा परत घातला. "तक्ता पाच. पिशवीचं वजन. उजवीकडे."

मी लिहिलं. मॅडमकडे जाऊन बोलायचं मी ठरवलं होतं, काकांना ठेवा, स्क्रिप्ट चुकते, नवीन मशीन आलं की परत कोणीतरी लागणारच. तीन वेळा केबिनच्या दारापर्यंत गेले. दरवेळी मॅडम फोनवर होत्या, आणि मला दरवेळी बरं वाटलं की त्या फोनवर आहेत. हे लिहायला मला आवडत नाहीये, पण असंच झालं.

डिसेंबरात एका गुरुवारी मॅडमनीच मला बोलावलं. दार लावायला सांगितलं. "उद्या अकराच्या मीटिंगमध्ये काकांचं अनाउन्स करतेय. लास्ट डे उद्याच. त्यांची पुस्तिका-तपासणी तुझ्याकडे. केक सांगितलाय. प्लीज, आत्ता कोणाला बोलू नको, मला नीट करायचंय ते."

मी हो म्हटलं.

आता मला ओळखणारे सगळे सांगतील, माझ्या पोटात काही राहत नाही. बारावीचा निकाल मी आईच्या आधी वॉचमनला सांगितलेला. मैत्रिणीची सरप्राइज पार्टी मी मैत्रिणीलाच सांगितलेली. घरी यावरून आयुष्यभर ऐकलंय मी. तर केबिनमधून बाहेर आले तेव्हा दुपारचे चार वाजलेले, आणि काका चहाला खाली निघालेले. मी पण गेले. टपरीवर दोन कटिंग घेतले. पहिला घोट घेतला आणि सांगून टाकलं. सगळं. उद्या, अकरा वाजता, सगळ्यांसमोर, केक.

काकांनी ग्लास कठड्यावर ठेवला. मला वाटलं आता काहीतरी होणार. समोरून एक बस गेली. तिच्यामागे दुसरी.

"अकरा ना? नक्की?"

"हो."

"केकवर काय लिहिणार आहेत?"

"माहीत नाही काका."

"आधी बघून घे. ते केकवाले वाटेल ते लिहितात."

मग त्यांनी उरलेला चहा प्यायला, दोन्ही ग्लास परत दिले, आणि जिना चढताना एकदाच बोलले. "तुला सांगायची बंदी असेल."

"होती."

"बरं झालं तुला पाळता येत नाही," काका म्हणाले.

शुक्रवारी मी साडेनऊलाच पोचले. काका आधीच आलेले. इस्त्रीचा शर्ट, केस चापून. दहा वाजून पाच मिनिटांनी ते मॅडमच्या केबिनमध्ये गेले, दार उघडंच ठेवून. टेबलावर एक कागद ठेवला. घरच्या जुन्या टाईपरायटरवर मारलेला, मी नंतर बघितला. वर तारीख, खाली नाव, आणि मध्ये दोनच ओळी. आज दुपारी बारानंतर मी कामावर येणार नाही. कारण : पुरे झालं.

"काका, अहो पण," मॅडम म्हणाल्या, "आम्हीच आज..."

"आज काय?"

मॅडमनी कागद बघितला, काकांना बघितलं, मग काचेतून मला बघितलं. मी एकदम मन लावून स्क्रीन बघत होते. स्क्रीन बंद होता.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही असं अचानक..."

"अचानक नाही. मोजून ठरवलंय," काका म्हणाले. "पोच द्या. तारीख आणि वेळ टाका, सही करा."

मॅडमनी सही केली. तारीख टाकली. वेळसुद्धा.

अकराला केक आला. त्यावर थँक यू काका लिहिलेलं, आणि बरोबर लिहिलेलं. मॅडमनी भाषण तयार केलेलं असणार, पण ते सगळं कामावरून काढणाऱ्याचं भाषण होतं आणि आता काढायला कोणी उरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "काकांनी आज आपल्याला सांगितलंय की..." आणि पुढे त्यांना सुचेना. शेवटी काकांनीच सुरी घेतली आणि केक कापला. पहिला तुकडा मॅडमला दिला. "नोटीस दिली नाही मी, चुकलंच माझं," म्हणाले. "पण तुम्ही माणूस शोधून ठेवला असेल, असं उगाच वाटलं." मॅडमचा चेहरा तेवढ्यात लाल झाला आणि मग, खरं सांगते, त्या हसल्या. चांगलं हसल्या. त्या वाईट नव्हत्या, म्हटलं ना.

बाराला काकांनी डब्याची पिशवी उचलली. मी सोडायला खाली गेले. मला खूप काही बोलायचं होतं, स्क्रिप्टबद्दल, केबिनच्या दाराबद्दल. मी सुरू केलं आणि नेहमीसारखं सगळं एकदम बोलायला लागले. काकांनी हात वर केला.

"बास. मला उशीर होतोय."

"कशाला उशीर, काका? आता कुठे जायचंय?"

ते नाक्याकडे चालायला लागले. नाक्यावर शेअर रिक्षा ओरडत होती, स्टेशन एक सीट, स्टेशन एक सीट. काका रोज तिनेच जायचे, चौथ्या सीटवर, रिक्षावाल्याशेजारी, अर्धे बाहेर. ती त्यांनी जाऊ दिली. पुढचीही जाऊ दिली. मग एक पूर्ण रिकामी रिक्षा हात करून थांबवली आणि आत बसले. पिशवी शेजारी ठेवली, तिला पण जागा होती.

"टेंभी नाका," ते म्हणाले. "पण उपवनवरून घे."

"काका, उपवन उलट्या बाजूला आहे," रिक्षावाला म्हणाला.

"माहितीये मला. तलावाला एक चक्कर मार, मग चल."

रिक्षावाल्याने माझ्याकडे बघितलं, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना असं. मी मान हलवली. त्याने मीटर टाकला. भर नाक्यावर रिक्षा वळवताना एका स्कूटरवालीने त्याला शिव्या घातल्या, त्याने परत घातल्या. काका त्या भांडणात पडले नाहीत. ते आत्तापासूनच रिक्षाच्या बाहेर वाकून पुढे बघत होते, तलाव कुठल्या बाजूने येतो ते.